बँकेत साडेअकरा लाख दिसतात, तरी पगार थकतो. असं कसं?

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं आहे. नाव आणि संस्था छापू नका म्हणाल्यात, म्हणून नुसतं ताई म्हणतो. विशेष मुलांची विनाअनुदानित डे-शाळा, ३४ मुलं, ११ जणांचा स्टाफ, ताई सचिव. त्यांनी लिहिलंय ते थोडं कापून देतोय:

"आमचं वर्षाचं उत्पन्न २६ लाखांच्या आसपास. त्यातले १८ एका कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्यासाठीच्या निधीतून), बाकी ८ गावातल्या देणग्या आणि पालकांची थोडीफार फी. गेल्या वर्षी जूनचा हप्ता ऑक्टोबरात आला, दोन महिने पगार थकले, स्पीच थेरपिस्ट मॅडम सप्टेंबरमध्ये सोडून गेल्या. शेवटी मी घरातले दीड लाख घातले, ते अजून परत घेतले नाहीत. मी म्हणते राखीव निधी ठेवूया. अण्णा (आमचे संस्थापक) म्हणतात लोकांनी मुलांसाठी दिलेले पैसे साठवून ठेवणं हे पाप आहे. अध्यक्ष म्हणतात साठवायचेच तर बिल्डिंगसाठी साठवा. खजिनदारांच्या ओळखीची पतसंस्था आहे, व्याज चांगलं देते. आणि सीए म्हणतात ८५ टक्के खर्च झालाच पाहिजे नाहीतर टॅक्स, म्हणून दर मार्चला आम्ही काहीतरी घेत बसतो. ३१ मार्चला बँकेत ११ लाख ४० हजार होते. मग आम्ही गरीब की श्रीमंत हेच कळत नाही. किती ठेवावेत, कुठे ठेवावेत? कंपनीचा करार पुढच्या मार्चला संपतोय."

ताई, आधी ते ११ लाख ४० हजार बघू, कारण तुमच्या मीटिंगमधली सगळी भांडणं त्या एका आकड्यावरून चाललीयत आणि तो आकडा तुमचा नाहीच आहे.

तुम्ही ताळेबंद जोडलाय ते फार बरं केलंत. मी पेन्सिल घेऊन बसलो. कंपनीचा फेब्रुवारीत आलेला हप्ता, त्यातले ३ लाख ६० हजार अजून खर्च व्हायचेत, ते एप्रिल ते जूनच्या कामासाठीचे, म्हणजे कंपनीचेच. २ लाखांची एफडी एका कुटुंबानं आईच्या स्मरणार्थ दिलेली, सोबत पत्र आहे की मुद्दल ठेवा व्याज वापरा, म्हणजे कॉर्पस, त्याला हात लावायचा नाही. मार्चचा पगार एप्रिलच्या ५ तारखेला होतो, ते १ लाख १० हजार ३१ मार्चला बँकेत दिसतात पण ते स्टाफचे. व्हीलचेअरसाठी म्हणून गोळा केलेले ४० हजार व्हीलचेअरचे. आणि दीड लाख तुमचे. बेरीज करा, ८ लाख ६० हजार होतात. उरले २ लाख ८० हजार. संस्थेचे स्वतःचे, मोकळे, कुणालाही न विचारता पगाराला वापरता येतील असे पैसे एवढेच.

बरं, त्यातही एक गोष्ट ताळेबंदात नाहीये. तुमच्या यादीत एक शिक्षिका आणि दोन मावशी १४ वर्षांपासून आहेत. १० किंवा जास्त माणसं असलेल्या शाळेला ग्रॅच्युइटीचा कायदा लागतो, हिशोब सोपा आहे, शेवटचा पगार भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. शिक्षिकेचा पगार १३ हजार धरला तर एका वर्षाचे साडेसात हजार, १४ वर्षांचे १ लाख ५ हजार. एकट्या त्यांचे. मावशींचं धरलं तर २ लाख ८० मधलं जवळजवळ सगळंच गेलं. हे घाबरवायला सांगत नाहीये, त्या काही उद्याच निघाल्या नाहीत, पण अध्यक्ष जेव्हा म्हणतात की एवढे पैसे पडून आहेत तर प्लॉटचं बघूया, तेव्हा त्यांच्यासमोर हा कागद ठेवायचा. दर तीन महिन्यांनी हा एक पानाचा हिशोब काढा, बँकेत किती आणि त्यातले आपले किती. छोट्या संस्थांमध्ये ही सवय फारच कमी दिसते, सगळे पासबुकाची शेवटची ओळ बघून निर्णय घेतात.

आता अण्णा. त्यांच्याशी वाद घालू नका असं मी सांगेन, कारण ते म्हणतात त्यात चूक काही नाही, पैसे मुलांसाठीच आलेत. फक्त त्यांना एक विचारा की जुलै ते ऑक्टोबर मुलांचं काय झालं? थेरपिस्ट मॅडम गेल्या, तुम्हीच लिहिलंय की नवीन माणूस मिळायला जानेवारी उजाडला आणि दोन मुलं जी चार-पाच शब्द बोलायला लागली होती ती पुन्हा गप्प झाली. एवढं नुकसान झालं ते हप्ता चार महिने लांबला म्हणून, म्हणजे साधारण चार लाखांची तात्पुरती अडचण. ते चार लाख बाजूला असते तर तो मुलांवरचाच खर्च होता ना? अण्णांच्या पिढीनं संस्था उभ्या केल्या त्या पदरमोड करून, घरचे दागिने मोडून, कुणाच्या तरी पेन्शनवर. तेव्हा पगार घेणारी माणसंच कमी होती. आता ११ घरं तुमच्या पगारावर चालतात, ती गोष्ट वेगळी आहे. हे त्यांना तुम्ही नका सांगू, मावशींना मीटिंगला बोलवा आणि त्यांनाच सांगू द्या की गेल्या गणपतीत काय झालं.

किती ठेवायचे? लोक सरसकट सांगतात सहा महिन्यांचा खर्च, कुणी म्हणतं वर्षाचा. मला असे आकडे पटत नाहीत, तुमच्या संस्थेचा आकडा तुमच्याच मागच्या वर्षातून निघतो. काहीही झालं तरी थांबवता न येणारा तुमचा महिन्याचा खर्च १ लाख ७० हजार आहे (पगार १ लाख १० हजार, भाडं १८ हजार, गाडीचं डिझेल आणि ड्रायव्हर २२ हजार, उरलेलं लाइट, जेवण, औषधं). स्थानिक देणग्या आणि फी वर्षाला ८ लाख म्हणजे महिन्याला सरासरी ६७ हजार. म्हणजे कंपनीचा हप्ता नाही आला तर दर महिन्याला १ लाख ३ हजारांचा खड्डा. हप्ता गेल्या वेळेसारखा चार महिने लांबला तर ४ लाख १२ हजार. हे तुमचं पहिलं टार्गेट, सव्वाचार धरा, कारण देणग्या सरासरीनं येत नाहीत, त्या गणपती-दिवाळीला येतात आणि मार्चमध्ये, पावसाळ्यात सगळं कोरडंच. दुसरं टार्गेट म्हणजे कंपनी सोडूनच गेली आणि नवीन दाता मिळायला सहा महिने लागले तर, ६ लाख २० हजार. यापुढे साठवायची आत्ता तरी गरज नाही, आणि साठवलेत तर अण्णांचं म्हणणं खरं ठरायला लागेल.

आज हातात २ लाख ८०. तर सव्वाचार हे काही डोंगराएवढं नाहीये.

आता ८५ टक्क्यांचं, यावर जरा जास्त बोलतो कारण इथेच तुमचे पैसे गळतायत. तुमचे सीए नियम बरोबर सांगतायत. वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के संस्थेच्या उद्देशांवर खर्च व्हायला हवा, १५ टक्के कसलंही कारण न देता, कसलाही फॉर्म न भरता साठवता येतो. पण बघा, हे ८५ टक्के एकूण उत्पन्नावर मोजतात. तुमचं २६ लाख, त्याचा ८५ टक्के म्हणजे २२ लाख १० हजार. (फेब्रुवारीचा न खर्चलेला हप्ता तुमच्या सीएनं देणं म्हणून वेगळा दाखवलाय, तो या २६ मध्ये नाही.) गेल्या वर्षीचा तुमचा खर्च २४ लाख ३० हजार. त्यात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेले दोन प्रिंटर, ४० खुर्च्या आणि तो साउंड सिस्टीम, मिळून १ लाख ८० हजार. ते घेतलंच नसतं तरी खर्च साडेबावीस लाख होता, म्हणजे ८५ टक्क्यांच्या वरच! टॅक्सचा काही प्रश्नच नव्हता. ३४ मुलांच्या शाळेत ४० नवीन खुर्च्या कशाला लागतात हे मी विचारणार नाही, जुन्या गच्चीवर ठेवल्या असतील.

यातलं मर्म असं की कंपनीचे १८ लाख जवळजवळ पूर्ण खर्च होतात, ते तुमचं ८५ टक्क्यांचं बरंचसं गणित आधीच पूर्ण करतात. त्यामुळे स्थानिक ८ लाखांतून जे उरेल ते तुम्ही बिनधास्त ठेवू शकता, जोपर्यंत ते २६ च्या १५ टक्क्यांच्या म्हणजे ३ लाख ९० हजारांच्या आत आहे. गेल्या वर्षी साडेतीन लाख ठेवता आले असते, तुम्ही १ लाख ७० हजारच ठेवलेत. म्हणून १५ फेब्रुवारीच्या आसपास सीएकडे जाऊन बसा, आत्तापर्यंत किती आले, किती खर्च झाले, मार्चअखेर किती होतील हा अंदाज काढा. ३० मार्चला फोन करून "किती उडवायचेत" विचारायची वेळ येऊ देऊ नका. आणि हो, खर्च म्हणजे प्रत्यक्ष पैसे दिलेले, ३१ मार्चला नुसतं बिल आणून ठेवलं तर ते धरत नाहीत.

समजा कधी १५ टक्क्यांपेक्षा जास्त उरलेच, तरी मार्ग आहेत. पैसे उशिरा आले म्हणून खर्चता आले नाहीत तर पुढच्या वर्षी खर्चू असं कळवता येतं (आजवर याला फॉर्म ९ए म्हणायचे). एखाद्या ठरावीक कामासाठी पाच वर्षांपर्यंत साठवायचे असतील तर तो फॉर्म १०, त्याला विश्वस्तांचा ठराव लागतो, काम नेमकं लिहावं लागतं आणि पैसे कायद्यात सांगितलेल्या ठिकाणीच गुंतवावे लागतात. "संस्थेच्या विविध उद्देशांसाठी" असलं मोघम लिहू नका, त्यावरून पुढे प्रश्न येतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, ८५-१५ चं गणित तेच राहिलंय. कुठला फॉर्म कुठल्या नंबरचा झाला ते सीएंना विचारा, ते त्यांचं काम आहे.

अध्यक्षांची बिल्डिंग बरोबर इथे बसते. बिल्डिंग हवीच असेल तर वेगळा निधी, वेगळं खातं, वेगळी पावती. राखीव निधीतून एक रुपया तिकडे नाही. बिल्डिंगला दाते मिळतात हो, दारावर पाटी लागते, नारळ फुटतो, आमदार येतात. पगारावर पाटी लावता येत नाही म्हणून त्याला कुणी देत नाही, आणि म्हणून तो तुम्हालाच जपावा लागतो.

पतसंस्थेचं थोडक्यात आणि स्पष्ट सांगतो, नाही. खजिनदारांच्या ओळखीवर माझा काही राग नाही. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचा) विमा असतो, एका बँकेत एका ठेवीदाराला व्याज धरून ५ लाखांपर्यंत, सगळ्या शाखा मिळून. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी तो १ लाखच होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा मुळीच नाही. शिवाय सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३५ नं विश्वस्तांनी पैसे कुठे ठेवायचे याला मर्यादा आहेत आणि आयकर कायद्यातही गुंतवणुकीची यादी ठरलेली आहे, त्या यादीबाहेर गेलात तर दीड टक्का जादा व्याजापायी करसवलतच धोक्यात येते. आणि सहकारी बँक असली तरी डोळे उघडे ठेवा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला एका खात्यातून १००० रुपये काढता येत होते, फक्त १०००. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार २०१३ पासून अडकले होते, २०२२ मध्ये लायसन्सच रद्द झालं. घरच्या माणसाची एफडी अडकणं वाईटच, पण ११ जणांचा पगार अडकला तर विश्वस्त म्हणून उत्तर तुम्हाला द्यायचंय.

म्हणून तीन बँका, त्यातली एक राष्ट्रीयीकृत, कुठेही ५ लाखांच्या वर जाऊ नका, तुमच्या आकड्यांना ते सहज जमतं. राखीव निधीची एकच मोठी एफडी करू नका, लाख-लाखाच्या करा, वेगवेगळ्या महिन्यांत मुदत संपेल अशा, म्हणजे ऑगस्टमध्ये ८० हजार लागले तर एकच मोडावी लागेल. सह्या तिघांपैकी कुणाही दोघांच्या. आणि खात्यावर अजून जुन्या, वारलेल्या विश्वस्तांचं नाव असेल तर आजच काढा (हसू नका, असं खूप ठिकाणी असतं, बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात पडलेला आणि बँक म्हणते आधी तो मंजूर करून आणा).

नुसतं ठरवून भागणार नाही, ठराव हवा, नाहीतर पुढच्या गॅदरिंगला हा निधी मंडपात जाईल. मी साधारण असा लिहीन, तुम्ही शब्द बदला: "संस्थेचा 'वेतन व संचालन राखीव निधी' या नावाने स्वतंत्र निधी स्थापन करण्यात येत आहे. सदर निधी केवळ मंजूर अनुदान वा देणगी येण्यास विलंब झाल्यास अथवा बंद झाल्यास वेतन, भाडे व वाहनखर्च यांसाठीच वापरता येईल. एका वेळी एक महिन्याच्या खर्चापर्यंत रक्कम सचिव व खजिनदार यांच्या संमतीने, त्यावरील रक्कम विश्वस्त मंडळाच्या ठरावाने काढता येईल. विलंबित रक्कम जमा झाल्यापासून तीस दिवसांत निधी पूर्ववत करण्यात येईल." शेवटचं वाक्य काढू देऊ नका. निधी वापरायला सगळे तयार असतात, परत भरायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

हा निधी वार्षिक अहवालात लपवू नका. तुमच्याकडे एफडी आहेत मग देणगी कशाला, असं विचारणारे भेटतील, त्यांना नावासकट दाखवा की हे सव्वाचार लाख म्हणजे हप्ता लांबला तर चार महिने शाळा बंद पडणार नाही याची सोय. विचारी दाता यावर खूश होतो. मला तरी उलट ज्या संस्थेकडे काहीच शिल्लक नाही तिला पैसे द्यायची भीती वाटते.

पैसे येणार कुठून? वाढदिवसाच्या जेवणातून तर नाही. ते मला माहितीये, पितृपक्षात एकाच दिवशी तीन जणांची जेवणं येतात, मुलं दोन घास खातात आणि उरलेली जिलेबी स्टाफ घरी नेतो, कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यातल्या निम्म्या लोकांना गोड बोलून सांगा की जेवणाऐवजी महिन्याला ५०० रुपये बँकेतून आपोआप जातील असं करा, आयकर सवलतीची, म्हणजे जुन्या कायद्यातल्या ८०जीची, पावती देतो. (रोखीनं २००० च्या वर दिले तर त्यांना सवलत मिळत नाही हेही सांगा.) अशी ६० माणसं झाली तर वर्षाला ३ लाख ६० हजार, आणि ते मोकळे पैसे, कुठल्या प्रोजेक्टला बांधलेले नाहीत. तालुक्याच्या गावात ६० माणसं होतात, फक्त कुणीतरी सहा महिने त्यांच्या मागे लागायला हवं.

कंपनीकडे मात्र राखीव निधी मागू नका, सीएसआरमधून कॉर्पसला देणं जानेवारी २०२१ पासून चालतच नाही. त्यांच्याकडे मागायचं ते पूर्ण खर्च. तुम्ही पाठवलेल्या प्रपोजलमध्ये अकाउंटंटचे महिन्याचे ४ हजार नाहीत, भाड्यातले निम्मेच धरलेत, ऑडिटची फी नाही, ग्रॅच्युइटीची तरतूद तर नाहीच. का? तर "अ‍ॅडमिन ५ टक्क्यांच्या वर चालत नाही" असं त्यांच्या मॅनेजरनं सांगितलं. तो ५ टक्क्यांचा नियम कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही, सरकारच्या खुलाशातही तेच आहे. कंपनी तिच्या पॉलिसीनं कमी देऊ शकते, तो तिचा निर्णय, पण कायद्याचं नाव सांगून कापत असेल तर विचारा. थेरपिस्टचा पगार हा अ‍ॅडमिन नाहीच, तो कार्यक्रमाचाच खर्च आहे, तसा लिहा. आणि करार पुढच्या मार्चला संपतोय तर नूतनीकरणाचं बोलणं दिवाळीआधी करा, त्यांची पुढच्या वर्षाची बजेटं साधारण तेव्हापासूनच ठरायला लागतात. हप्त्याच्या तारखाही करारात टाका, एप्रिल आणि ऑक्टोबर, आधी हप्ता आणि मग अहवाल असा क्रम मिळाला तर फारच उत्तम, नाही मिळाला तर निदान खर्चाचा हिशोब (युटिलायझेशन) दिल्यापासून ३० दिवस.

राहिले तुमचे दीड लाख. हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय आणि मला तेच सगळ्यात खटकलं. पहिली गोष्ट, विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ए प्रमाणे संस्थेसाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विश्वस्तांनी बिनव्याजी हातउसने देणं सर्रास चालतं, ऑडिटर एक ओळ लिहितात आणि पुढे जातात, पण तो रस्ता सवयीचा करू नका. रोखीनं दिले असतील तर २० हजार किंवा त्यावर रोख कर्ज घेण्यालाच आयकर कायद्यात मनाई आहे, तेव्हा ते सीएंना आत्ताच सांगून ठेवा. दुसरी गोष्ट, गेल्या वर्षी संस्थेचा राखीव निधी तुम्ही होतात, तुमच्या घरच्यांना न विचारता. येत्या मीटिंगमध्ये राखीव निधीच्या ठरावाच्या आधी हा विषय घ्या, परतफेडीचा ठराव करा, चेकनं घ्या, पावती फाईलला लावा. "राहू दे, देणगी समजा" असं कुणी म्हणालं तर देणगी द्यायची की नाही ते तुम्ही घरी बसून ठरवा, मीटिंगमध्ये नाही.